शमसी खानम आणि काठांच्या सात तऱ्हा

काशानच्या बाजारात, तांबटांच्या गल्लीच्या टोकाला, वरच्या मजल्यावर आमचं रफूचं दुकान आहे. कसर लागलेले, जळलेले, उंदरांनी कुरतडलेले गालिचे येतात आणि आम्ही चौघं ते पुन्हा धड करतो. उस्ताद तूरज मालक. फरामर्ज लोकरीचे रंग जुळवतो. मी, मलीहा, आणि शमसी खानम गाठी मारतो. मी अकरा वर्षं मारतेय. शमसी खानम वयाच्या नवव्या वर्षी मागावर बसल्या आणि हे सगळं घडलं तेव्हा त्या अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या.

या कामात हात आणि डोळे अडकतात, कान रिकामे राहतात. पूर्वी खिडकीत एक रेडिओ असायचा. तो बिघडला तेव्हा दुरुस्त करायची कोणाला घाई नव्हती, कारण तोवर फरामर्जने आम्हाला पॉडकास्टचं वेड लावलं होतं. स्वतः तो ग्रहताऱ्यांचं ऐकायचा. उस्तादांना त्याने इतिहासाचं लावून दिलं, मला शब्द कुठून आले ते सांगणारं. ज्याच्या त्याच्या कानात ज्याची त्याची बुचं. दिवस दिवस कोणी कोणाशी बोलायचं नाही.

शमसी खानमकडे तसला फोन नव्हता. महिनाभर त्यांनी सोसलं, मग एकदा दहाच्या चहाला पेला आपटून म्हणाल्या, "दाताच्या दवाखान्यात बसलेली माणसंसुद्धा याहून जास्त बोलतात रे! काय ऐकता ते निदान सांगा तरी."

"सांगून कळणार आहे का तुम्हाला?" उस्ताद म्हणाले. माणूस मनाने चांगला, पण बोलताना मागचापुढचा विचार नाही.

"तुम्हाला कळतं ना? मग मला न कळायला काय झालं?"

तेव्हापासून रीतच पडली. चहाला बसलं की ज्याने जे ऐकलं ते त्याने सांगायचं. उस्ताद एखाद्या शहाच्या दरबारातली कारस्थानं सांगायला लागले की दातात धरलेला साखरेचा खडा तसाच विरघळून जायचा, चहा राहायचा. फरामर्ज डाळिंबाभोवती लोकरीचा धागा गुंडाळून शनीची कडी दाखवायचा. शमसी खानम मध्येच असा काही प्रश्न टाकायच्या की फरामर्जला घरी जाऊन तो भाग पुन्हा ऐकावा लागायचा.

लेकीने आपला जुना फोन त्यांना दिला, तेव्हा खानमनी पहिलं काय ऐकावं यावरून आमच्यात जुंपली.

"ताऱ्यांपासून सुरुवात करा, खानम. डोकं मोठं होतं," फरामर्ज म्हणाला.

"डोकं मोठं करून त्यावरचा रुमाल कुठून पुरवायच्या त्या? आधी आपले राजे कळू देत," उस्ताद म्हणाले.

मी दोघांवर मात केली. माझ्या नणंदेला फार आवडलेलं एक पॉडकास्ट होतं, यशस्वी कसं व्हावं याबद्दलचं. ते लावून दिलं. अर्ध्या तासात खानमनी बुचं उपटून काढली.

"हा बाबा म्हणतो, पहाटे पाचला उठा, आयुष्य बदलेल. मी पन्नास वर्षं पाचला उठतेय. माझं बदललेलं आयुष्य चुकून शेजारणीकडे दिलं वाटतं!"

उस्ताद हसून हसून बेजार झाले. मी पुढे दोन दिवस उस्तादांकडे बघितलं नाही.

मग फरामर्जने एक शोधून आणलं: 'पाटीशिवाय गणित'. शिराजच्या फखरी खानम नावाच्या निवृत्त शिक्षिका ते करायच्या. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "चौथीत शाळा सुटलेल्या बाईला गणित? अपमान वाटेल त्यांना."

"आयुष्यभर त्या मोजतच आल्यात की," तो म्हणाला. "ऐकू तर दे."

पहिल्या दिवशी शमसी खानमनी चहालासुद्धा बुचं काढली नाहीत. दुसऱ्या दिवशी हातातली गाठ तशीच ठेवून खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिसऱ्या दिवशी फोनशी भांडायला लागल्या. "थांब गं बाई, जरा दम घे," असं म्हणून थांबवायच्या, बोटांवर काहीतरी मोजायच्या आणि मग "बरोबर, पुढे बोल" म्हणून परवानगी द्यायच्या. एकदा फखरी खानम चुकल्या असं त्यांचं म्हणणं पडलं. पुढच्या भागात फखरी खानमनी खरोखरच चूक कबूल केली, तेव्हा शमसी खानमनी आम्हाला घरून भाजलेले बदाम आणून वाटले.

पण खरी ठिणगी पडली ती काठांवरून. एका भागात फखरी खानम म्हणाल्या, की काठावरची नक्षी एकापुढे एक येते, ती सुलटी येऊ दे, उलटी येऊ दे, आरशातल्यासारखी येऊ दे, तिच्या येण्याच्या तऱ्हा सगळ्या जगात मिळून फक्त सात. आठवी नाही. असूच शकत नाही.

"साफ खोटं!" शमसी खानम इतक्या मोठ्यांदा ओरडल्या की खालचा तांबट जिन्यात येऊन विचारून गेला. "शेकडो काठ गेलेत माझ्या हाताखालून. सात म्हणे! हिने गालिचा कधी उलटून तरी पाहिलाय का?"

"मग पाठवा ना निरोप त्यांना," मी म्हटलं.

"पाठवीन. आधी आठवी तऱ्हा हातात घेऊन मगच."

आठ महिने त्या आठवीच्या मागे होत्या. आलेला प्रत्येक गालिचा आधी काठाकडून उलगडायचा. नक्षी काढायच्या चौकटीच्या कागदावर त्या काठाचा तुकडा उतरवून घ्यायच्या आणि त्यावर उभा आरसा धरून, आडवा आरसा धरून, कागद अर्धा फिरवून बघायच्या. आरसा माझ्या पर्समधला. तो मला परत मिळाला नाही. फूल वेगळं, रंग वेगळा, गाव वेगळं, पण चाल बघितली की काठ आधीच्याच कुठल्या तरी ढिगात जाऊन बसायचा. हळूहळू त्यांचा राग उतरला आणि त्याजागी वेगळंच काही आलं. एकदा मला म्हणाल्या, "मलीहा, एवढ्या बायका, कुणी कुणाला कधी भेटली नाही, आणि सगळ्या या सातांतच फिरत होत्या. कुणी सांगितलं असेल गं त्यांना?"

पण त्यांच्याकडे ढीग सहाच झाले होते. सातवा रिकामा. त्यात वरचा अर्धा आणि खालचा अर्धा एकमेकांचं प्रतिबिंब हवेत, पण सगळी नक्षी एकाच दिशेला चाललेली हवी, वरून पाहिलं तर माशांची रांग पोहत जाते तशी. आमच्याकडे येणाऱ्या फुलापानांच्या गालिच्यांत काही ती सापडेना. आम्हीही वेडे झालो. फरामर्ज मशिदीतल्या चटया बघून आला. मी नणंदेच्या रुखवतातल्या गोधड्या उलटल्या.

उस्ताद सगळ्यात जास्त टिंगल करायचे. "काम करा, काम! मासे पकडायला नदीवर जा." आणि एका शनिवारी तेच कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आले. ते शमसी खानमच्या मांडीवर ठेवलं.

आत विणलेला पट्टा होता, चार बोटं रुंद, पाच हात लांब. उस्तादांची आई भटक्या जमातीतली. मुक्काम हलवताना उंटावर अंथरूण बांधायला तिने तो विणला होता. तांबड्या लोकरीवर काळे बाण, एकामागून एक, सगळे एकाच दिशेला.

खानमनी आरसा आडवा धरला, मग उभा धरला. मग पट्टा डोळ्यांना लावला.

"तुमच्या आईला लिहिता यायचं, उस्ताद?"

"सही म्हणून अंगठा द्यायची," उस्ताद म्हणाले आणि चहा ओतायला पाठ वळवून उभे राहिले. बराच वेळ ओतत होते.

त्या दिवशी शमसी खानमनी शिराजला आवाजी निरोप पाठवला. तो तयार करायला सकाळ गेली, कारण दर वेळी त्या सुरुवातीलाच "माफ करा" म्हणायच्या आणि उस्ताद म्हणायचे, "कशाची माफी? पुन्हा बोला." शेवटी त्या म्हणाल्या, "फखरी खानम, मी तुम्हाला खोटं ठरवायला निघाले होते. आठ महिने लागले. तुम्ही खऱ्या आहात. साती तऱ्हा माझ्यापाशी आहेत, कागदावर. सातवी एका अंगठेबहाद्दर बाईने विणलेली आहे, हे तुमच्या ऐकणाऱ्यांना सांगा."

दोन आठवड्यांनी तो निरोप पॉडकास्टमध्ये वाजला. आम्ही चौघांनी कामं ठेवून एकाच फोनवर ऐकला. "माझा आवाज असा बदकासारखा आहे?" शमसी खानम पुटपुटल्या. आम्ही गप्प केलं. शेवटी फखरी खानम म्हणाल्या, की पस्तीस वर्षं हा धडा शिकवला, पण एवढी मेहनत करून तो तपासून पाहणारी विद्यार्थिनी पहिल्यांदा भेटली.

मग त्यांचा फोन आला. "शाळा कितवीपर्यंत झाली तुमची?"

"चौथी. पुढे माग."

"सहावीची परीक्षा द्या. प्रौढांना बसता येतं."

"या वयात? नातवंडं हसतील."

"हसू देत. तुम्ही मला खोटं ठरवायला निघाला होतात, त्यांचं काय घेऊन बसलात!"

आठवड्यातून दोन दुपारी त्या प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागल्या. उस्तादांनी त्या तासांचा पगार कापला नाही, आणि कोणी तो विषय काढलाच तर अंगावर धावून जायचे. उरलेला अभ्यास दुकानात व्हायचा. आता आमच्या शिफारशींना नवीनच अर्थ आला. उस्ताद इतिहासाचे भाग निवडून द्यायचे, कारस्थानं वगळून. तेवढ्यासाठी त्यांना किती यातना होत ते मीच पाहिलं. विज्ञान फरामर्जकडे. भाषा माझ्याकडे.

निकाल लागला. गणितात वीसपैकी वीस. विज्ञान सतरा, इतिहास अठरा. शुद्धलेखनात नऊ, म्हणजे नापास. माझा विषय! मी रडायला लागले तर त्याच माझी समजूत घालत होत्या. "अगं, कानाने शिकलेल्या बाईचं लिहिणं चुकणारच. तुझ्या पॉडकास्टवाल्याने एकदा तरी सांगितलं का कुठला 'स' काढायचा?" आमच्या लिपीत 'स' तीन आहेत. उन्हाळ्यात मी रोज चहाच्या वेळी त्यांना दहा ओळी सांगितल्या, त्यांनी लिहिल्या. फेरपरीक्षेत बारा मिळाले.

आता त्या आठवीत आहेत. साती काठांचे कागद फखरी खानमनी मागून नेले. शिराजच्या एका मुलींच्या शाळेत ते भिंतीवर आहेत, खाली शमसी खानमचं नाव. उद्घाटनाला त्या एकट्या बसने गेल्या आणि मुलींना तासभर गाठ मारायला शिकवून आल्या.

बाजारातली माणसं हल्ली जिना चढून विचारायला येतात, खानम, काय ऐकू? परवा समोरच्या औषधवाल्याची सून आली होती. नुकतीच लग्न होऊन आलेली, घरात कंटाळलेली.

शमसी खानमनी तिला शेजारी बसवून चहा दिला. "तुला काय आवडतं ते नको सांगू, पोरी," त्या म्हणाल्या. "कशावर तुझा विश्वास बसत नाही, ते सांग."

सुनेने थोडा विचार केला. "चंद्रामुळे समुद्राला भरती येते म्हणतात. मला नाही पटत."

"फरामर्ज!" खानमनी हाक मारली. "ये इकडे. ही तुझी."