आधी गाव

"गाव कोणतं तुमचं?" हा तिचा पहिला प्रश्न. नाव नंतर. रिक्षावाला असो, मेसमधली मावशी असो, की नव्याने आलेल्या मॅडम, ही मान तिरकी करून आधी गाव विचारणार. आपल्याकडे सगळेच विचारतात, तुम्हीही विचारत असाल. पण आपण उत्तर ऐकतो आणि पुढे जातो. ती तिथेच मुक्काम ठोकायची. "बाजार कोणत्या वारी? एसटी गावात येते, का फाट्यावर उतरायचं?"

लातूरच्या नर्सिंग होस्टेलवर आम्ही एका खोलीत राहायचो. मी मुदखेडची, ती जळकोटकडची. घरची शेती, अंगाने काटकुळी, आणि तोंडाचा पट्टा असा की समोरच्याला मध्ये बोलायची सोय नाही.

तिची खरी गोम वेगळीच होती. नर्स व्हायला आलेल्या या मुलीला रक्त बघवत नव्हतं. ऑपरेशन थिएटरच्या पोस्टिंगला ती सरळ आडवी झाली. पेशंट टेबलावर आणि ही खाली. आम्ही हसलो, आमच्या ट्यूटर मॅडम हसल्या नाहीत. "कॅज्युअल्टीत पडलीस तर वडिलांना बोलावून घेईन," त्या म्हणाल्या.

वडील तर त्याचीच वाट बघत होते. पोरीने दवाखान्यात राबावं हे त्यांना कधी पटलंच नव्हतं, दोन-तीन स्थळंही त्यांनी बघून ठेवली होती. एकदा घरी गेली की ती परत येणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

कॅज्युअल्टीची पोस्टिंग जवळ आली तशा सगळ्या मुली तयारीला लागल्या. ट्रॉलीच्या कोणत्या खणात कोणतं इंजेक्शन, हे मी झोपेतही बडबडायचे. ही मात्र संध्याकाळ झाली की बसस्टँडवर जाऊन बसायची. मला राहवेना. एके दिवशी मी तिच्या मागोमाग गेले. बघते तर बाकावर एका म्हाताऱ्या बाईला खेटून बसलेली, आणि निलंग्याकडच्या कुठल्याशा जत्रेची चौकशी चाललेली.

"हे काय गं?"

"तयारी करायलेय."

"कशाची? कंडक्टर व्हायची?"

ती हसली नाही. "तोंडाकडं बघून बोलत ऱ्हायलं की नजर खाली जात न्हाई. अन् गावाचं काढलं की माणूस लई बोलतंय. मला फकस्त पुढचं इचारता आलं पायजे."

ही कसली तयारी, असं म्हणून मी तिला खूप चिडवलं. आणि परतताना होस्टेलच्या फाटकाशी लक्षात आलं, की सारी वाट मीच तिला मुदखेडचं जंक्शन आणि तिथल्या गाड्या सांगत आले होते.

कॅज्युअल्टीत आमच्या वाट्याला आली ती उलटलेली जीप. सगळीकडे धावपळ. मॅडमनी तिच्या हातात गॉजची जाड घडी दिली आणि एका वयस्कर माणसाच्या कपाळावर दाबून धरायला सांगितली. शेजारच्या कॉटवर मी सलाइन लावायला मदत करत होते. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मामा, गाव कोणतं?"

"किल्लारी."

"जुनी का नवी?"

"जुनीत जल्मलो. भूकंपापासनं नवीत ऱ्हातो."

मग ऊस निघाला, कारखाना निघाला, लेकीचं सासर निघालं. मामा कण्हत का होईना, बोलत होते. तिची नजर त्यांच्या तोंडावरून ढळत नव्हती. गडी टिकला म्हणायचा, असं माझ्या मनात आलं. म्हणजे ती.

थोड्या वेळाने तिचा आवाज बदलला. "मामा, गाव कोणतं?" तोच प्रश्न पुन्हा. मामांनी ओठ हलवले. "किल्लारी न्हवं का मामा? जुनी का नवी?" ते तिच्याकडे अनोळख्यासारखं बघत राहिले, मग "बैल सोडा" असं काहीतरी पुटपुटले.

"सर," ती ओरडली, "मामा गाव इसरले."

तिला तसं ओरडताना मी कधीच ऐकलं नव्हतं. डॉक्टर धावत आले, त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली, आणि मामांना तसंच स्कॅनला पळवलं. गॉज दुसऱ्या सिस्टरने धरला. हात मोकळे झाले तेव्हा तिने पहिल्यांदा आपल्या रक्ताने माखलेल्या बोटांकडे पाहिलं, आणि भिंतीला पाठ लावून ती हळूहळू खाली बसली.

मॅडम बघत होत्या. झालं, आता हिचं बोचकं बांधायचं, असं मला वाटलं. मॅडमनी स्वतः पाणी आणलं. "काम सोपवून मग बसलीस," त्या म्हणाल्या. "एवढं चालतंय." वडिलांना फोन गेला नाही.

मामांचं त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पुढे वॉर्डात ती त्यांना भेटायला गेली, तोंडात नेहमीचाच प्रश्न. डोक्याला पट्टी बांधलेले मामा म्हणाले, "माझं झालंय की सांगून. तुझं कोणतं गं, बाई?" इतक्या लोकांना गाव विचारलेली ही, तिला उलट विचारलेलं मी तेव्हाच ऐकलं. तिने गावाचं नाव सांगितलं आणि स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली.

आता ती हैदराबादच्या एका दवाखान्यात आहे, तिथेही कॅज्युअल्टीतच. मी नांदेडला. तिची फार आठवण येते. खोलीत अखंड चाललेली ती बडबड मी कधी शोधेन, असं वाटलं नव्हतं.

परवा फोन आला. "हितल्या बसच्या पाट्या वाचता येत न्हाईत गं. तेलुगू शिकायलेय."

"काय काय आलं?"

"एकच वाक्य."

आणि ते तिने म्हणून दाखवलं. तेलुगू मला ओ की ठो कळत नाही. मी नुसतं "मुदखेड" म्हटलं.