रोह्याच्या भावोजींचं रक्तप्रेम

मुलांनो, रक्तावर माझ्या रोह्याच्या भावोजींइतकं प्रेम करणारा दुसरा जीव म्हणजे फक्त डास. भावोजी म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान. शाळेत जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण त्यांचं शिकवणं काही निवृत्त झालं नाही. घरात कुणाचं बोट विळीवर कापलं की औषधाच्या आधी भावोजी हजर. “थांब, पुसू नकोस! प्लेटलेट्स कशा धावत येतात बघ भोक बुजवायला!” रक्त गोठेपर्यंत व्याख्यान चाले, आणि ऐकता ऐकता दुखणं खरोखरच विसरायला होई. जेवताना ताकाचं भांडं पुढे आलं की वरची निवळ दाखवून म्हणत, “हा प्लाझ्मा. साखर, मीठ, प्रथिनं, सगळ्यांची ने-आण याच्यातून. तांबड्या पेशी खाली बसतात.” ताकात तांबडं कुठे, हे विचारायची सोय नव्हती.

तुमच्या आईबाबांचं लग्न पेणला झालं, तेव्हा कार्यालयाची व्यवस्था भावोजींकडे होती. कामंही त्यांनी रक्ताच्या हिशेबानेच वाटली. पाणी घेऊन पंगतीत फिरणारे म्हणजे तांबड्या पेशी, कारण त्या अंगभर प्राणवायू पोचवतात. दारावर गडब गावचे त्यांचे दोन धिप्पाड पुतणे, म्हणजे पांढऱ्या पेशी; अनोळखी दिसला की अडवायचा. त्यांनी अडवलं ते थेट नवरीच्या वडिलांना! “पावणं, वळख सांगा, नायतर आत नाय!” व्याही संतापले. भावोजी धावत आले आणि म्हणाले, “रागावू नका. पांढऱ्या पेशी कधीकधी आपल्याच माणसावर उलटतात.” त्या ‘आपल्याच’वर व्याही असे हसले की रुसवा तिथेच संपला.

गेल्या पावसाळ्यात माझ्या बहिणीला डेंग्यू झाला. पेणला दवाखान्यात ठेवलं होतं. प्लेटलेट्स उतरत चालल्या, हिरड्यांतून येणारं रक्त थांबेना. भावोजींनी बाही वर सारली. “माझ्या घ्या.”

नर्स म्हणाली, “काका, तुमचं वय नियमात बसत नाय.”

“अहो, वय माझं आहे! पेशी जेमतेम आठवड्याच्या आहेत!”

नर्सला हसू आलं, पण तिने मान हलवली. भावोजी बाकावर जाऊन बसले ते गप्पच.

दुपारी प्लेटलेट्सची फिकट पिवळी पिशवी आली आणि बहिणीला लावली. त्यांना बोलतं करावं म्हणून मी मुद्दाम विचारलं, “भावोजी, रक्त लाल, मग ही पिवळी कशी हो?” एरवी या प्रश्नावर तासभर गेला असता. ते पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ताई, कुणी दिल्या असतील हो या?”

संध्याकाळपर्यंत हिरड्यांचं रक्त थांबलं. बहिणीने डोळे उघडले. “अहो, बोला की काहीतरी. तुम्ही गप्प बसलात की मला वाटतं, माझं काही खरं नाही.”

भावोजींनी तिचा हात हातात घेतला आणि पिशवीतलं काय कुठे जातं, काय करतं, ते हळू आवाजात सांगायला लागले. तिला झोप लागली तरी सांगत राहिले. मीही उठले नाही.