परवान्यावरचा नवरा

घरचे तिला भिंगरी म्हणायचे. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नाही, आणि नोकरी केली तीही नेमकी बैठी. ती दातांच्या कॅप आणि कवळ्या बनवते. डॉक्टरांकडून रुग्णाच्या तोंडाचे साचे येतात. त्यांवर मेणाने दात घडवायचा, त्याबरहुकूम खरा बनवून भट्टीत भाजायचा, मग शेजारच्या दातांशी त्याचा रंग जुळवायचा. हातात दात आहे तोवर बाई शांत. तो खाली ठेवला की चालली खिडकीशी.

या कामावरच तिला परदेशात नोकरी लागली. राहण्याचा परवाना तिच्या नावावर निघाला, आणि तिचा नवरा म्हणून त्यालाही मिळाला. मायदेशी तो इमारतींचे नकाशे काढायचा. इथली भाषा येत नसलेल्या माणसाला नकाशे कोण देणार? तो फर्निचरच्या गोदामात खोकी उचलू लागला. सुरुवातीला कुरकुरायचा, पुढे तेही बंद झालं. घरातलं बोलणं ‘दूध संपलंय’ आणि ‘कचरा टाकलास का’ एवढ्यावर आलं. कडाक्याचं भांडण झालं तर बरं, असं तिला वाटायचं. पण भांडायलाही समोर कुणीतरी लागतं. हा नुसता सोफ्यावर असायचा.

एका सुट्टीच्या दिवशी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना ती म्हणाली, “आपण वेगळं व्हायचं का?”

तो मोज्यांच्या जोड्या लावत होता. मान वर न करता म्हणाला, “वाटलंच होतं, एक दिवस विचारशील.”

“मग तूच का नाही विचारलंस?”

“मी कशाच्या जोरावर विचारू?”

याचा अर्थ तिला वकीलबाईंच्या ऑफिसात कळला. बाई भराभर बोलणाऱ्या होत्या. “दोघं तयार आहात, मूल नाही, त्यामुळे सोपं आहे. अडचण एकच. घटस्फोट झाला की यांचा परवाना संपणार. यांना देश सोडावा लागेल.”

तिने ते त्याला मराठीत सांगायला तोंड उघडलं. “कळलं मला,” तो म्हणाला. “तेवढं येतं.”

रस्त्यावर आल्यावर त्याने विचारलं, “घरी जाऊन काय सांगू? बायकोने सोडलं म्हणू की देशाने हाकललं म्हणू?”

तिच्या डोक्याला भुंगा लागला. तिला फक्त नवरा सोडायचा होता, त्याला देशोधडीला लावायचं नव्हतं. तिने कपाट या भिंतीचं त्या भिंतीला नेलं, धुतलेले पडदे पुन्हा धुतले. कामावर समोरच्या दाताची एक कॅप भट्टीत जास्त भाजली. दुसरी केली, तर तिचा रंग चुकला. मालकीणबाईंनी दोन्ही तिच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाल्या, “हा दात कुणीतरी हसताना दाखवणार आहे बरं का.”

त्या संध्याकाळी ती घरात शिरली ती बोलतच. “तुला तुझ्या स्वतःच्या नोकरीवर परवाना मिळाला तर?”

“मला कोण देणार नोकरी?”

“ऊठ. मी मालक, तू उमेदवार. बस समोर.”

मग हे रोजचंच झालं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी ती इथल्या भाषेत प्रश्न विचारायची, तो अडखळत उत्तरं द्यायचा.

“आधीची नोकरी का सोडलीत?”

“बायकोच्या मागे आलो.”

“असं नाही सांगायचं. नवीन काही शिकायचं होतं म्हण.”

“पण आलो तर तुझ्यासाठीच होतो,” तो मराठीत म्हणाला.

ती उठली. चहाचं आधण ठेवलं आणि गॅस पेटवायचा विसरली.

तो खरंच शिकत गेला. जिन्यात शेजाऱ्यांशी बोलू लागला, तिच्या उच्चारांच्या नकला करू लागला. एकदा त्याच्या आईचा फोन आला. स्पीकर चालू होता. बोलताबोलता दोघं एका शब्दावरून एकमेकांना टोकत होती, हसत होती. सासूबाई मध्येच म्हणाल्या, “काय बिघडलंय तुमचं?”

“कुठे काय, आई?”

“खोटं बोलू नका. एरवी तुम्ही दोघं माझ्याशी बोलता, एकमेकांशी नाही. आज एवढा जीव आलाय, म्हणजे काहीतरी ठरवलंय तुम्ही.”

शेवटी तिनेच सांगितलं. मग सासूबाईंनी विचारलं, “त्याला स्वयंपाक येतो का गं?”

“येतो. माझ्यापेक्षा बरा करतो.”

“बरं,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

दुसऱ्या गावात लाकडी जिने बनवणारा एक कारखाना होता. त्यांना नकाशे काढायला माणूस हवा होता. त्यांनी त्याला घेतलं, आणि यथावकाश परवानाही आला, त्याच्या एकट्याच्या नावावर. तिला आनंद झाला आणि त्याच दमात संतापही आला. इतकी वर्षं हा माणूस कुठे होता? तो पुस्तकं खोक्यात भरत असताना ती दारात येऊन उभी राहिली. आत गेली, पुन्हा आली.

“थांबूया का आपण?”

त्याने हातातलं पुस्तक खाली ठेवलं. “मीही विचार केला. पण पुन्हा तुझ्या परवान्यावर राहिल्यासारखाच राहीन गं मी. माझा मला भरवसा नाही.”

“हे सगळं आधी शिकला असतास तर!”

“तर तू घटस्फोट मागितलाच नसतास. मग मी शिकलोही नसतो.”

खोक्याला चिकटपट्टी लावायची होती, ती तिने गरजेपेक्षा दुप्पट लावली.

कोर्टाची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. त्याच्यासाठी दुभाष्या बोलावला होता, पण त्या दुभाष्यालाच मराठीचा गंध नव्हता. “माझं मी बोलेन,” नवरा म्हणाला. हे स्वखुशीने करताय का, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा त्याने सावकाश, नीट उत्तर दिलं. एक क्रियापद चुकलं. ते दुरुस्त करायला तिचे ओठ हलले, पण तिने आवरलं. खुर्ची गरम व्हायच्या आत सगळं आटोपलं.

बाहेर पायऱ्यांवर वकीलबाई म्हणाल्या, “इथलं झालं. पण तुमच्या देशातल्या कोर्टाने हा निकाल मान्य करेपर्यंत तिकडे तुम्ही नवरा-बायकोच.” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि खो खो हसत सुटली. बाईंना कळेना, यात हसण्यासारखं काय आहे.

याला आता काही महिने झाले. तो त्या गावात रुळलाय, नकाशे काढतो. ती त्याच घरात राहते. कधीकधी कामावरून सुटल्यावर बसमध्ये न बसता चालत सुटते आणि घराचं वळण ओलांडून बरीच पुढे गेल्यावर तिच्या लक्षात येतं.

परवा त्याचा फोन आला होता. “तिकडच्या कोर्टाचं उरकून टाकू. आई म्हणते, दोघं एकाच विमानाने या, तिला दोनदा विमानतळावर यायला जमणार नाही.”

“मी पण तुमच्याच घरी उतरायचं?”

“तिने तुझी खोली आवरूनसुद्धा ठेवलीय. तू रजा कधी काढतेस ते सांग.”

“उद्या विचारते,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंच्या दारापर्यंत ती गेली, एका कवळीबद्दल काहीतरी विचारलं आणि परत आली. रजेचं अजून विचारायचंच आहे.