वाळू म्हातारी होते तेव्हा

मे महिना लागला की लिव्हिओ आणि त्याची बायको नीव्हेस आपलं घर पाहुण्यांना भाड्याने देऊन तळघरात राहायला जात. इस्त्रिया या समुद्रकाठच्या प्रांतातल्या त्या गावात निम्मी घरं असंच करायची. वर ऑस्ट्रियन पाहुणे, खाली वाइनच्या पिंपांशेजारी घरमालक. "आपल्याच घरात आपण आश्रित," असं नीव्हेस कुरकुरायची. पण अंगणात पोहण्याचा तलाव हवा हा हट्ट तिचाच. तलाव नसलेल्या घराकडे आता कुणी ढुंकून बघत नव्हतं.

लिव्हिओचं आयुष्य दगडात गेलेलं. आधी गावची खाण, मग ऑस्ट्रियात ग्राझला फरश्या बसवणं. पाण्याबद्दल त्याला जे ठाऊक होतं ते बापाकडून आलेलं. त्यांच्या जुन्या घरी छपरावरचं पावसाचं पाणी वाळूतून गाळून जमिनीखालच्या टाकीत साठवत. दर वसंतात बाप ती वाळू काढून धुवायचा आणि परत भरायचा. आजोबांची वाळू बापाने वापरली, बापाची लिव्हिओने. त्यामुळे तलावाचा फिल्टर बसवणारा माणूस "काही वर्षांनी आतली वाळू बदला" म्हणाला, तेव्हा लिव्हिओ हसला होता. "वाळू म्हणजे काय दूध आहे, नासायला?"

शेजारच्या बेर्तोने त्याला अनेकदा टोकलं. बेर्तोकडेही तलाव होता आणि त्याने एकदा वाळू न बदलून हात पोळून घेतले होते.

"अरे बाबा, तुझ्या बापाच्या टाकीत कुणी अंगाला तेल चोपडून डुंबत होतं का?"

"धुतली की झालं. काटा बघ, हिरव्यात आहे."

फिल्टरवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असला की लिव्हिओ निश्चिंत असे.

त्या ऑगस्टात लिंझ शहरातले अलोइस आणि ट्राउड्ल आले. दर उन्हाळ्यात येणारं जोडपं. पण हिवाळ्यात अलोइसना पक्षाघाताचा झटका आला होता. उजव्या पायाला स्पर्शच कळत नव्हता. पाऊल कुठे पडतंय ते डोळ्यांनी बघून टाकावं लागे. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. "तुमच्या तलावाच्या पायऱ्या रुंद आहेत, लिव्हिओ. मी तिथेच परत चालायला शिकणार," असं ते फोनवर म्हणाले, आणि लिव्हिओने त्याच आठवड्यात पायऱ्यांना नवा कठडा बसवून घेतला.

ते शनिवारी पोचले. रविवारी सकाळी पाणी दुधाळ झालं होतं.

लिव्हिओने फिल्टरमधून उलटं पाणी सोडून वाळू धुतली. दुपारी परत धुतली. सोमवारीही तेच.

"किती धुशील?" नीव्हेस म्हणाली. "मी लग्नाची चादरसुद्धा इतकी धुतली नाही."

"काटा हिरव्यात आहे, नीव्हेस!"

"मग काट्यालाच सांग, म्हाताऱ्याला हात धरून चालव म्हणावं."

शेवटी बेर्तो कुंपण ओलांडून आला. त्याने काटा पाहिला, पाणी पाहिलं. "हिरव्यात आहे हेच तर दुखणं आहे, गाढवा. वाळू मळ धरत असती तर काटा हळूहळू चढला असता. तिचे गठ्ठे झालेत. पाणी मधल्या फटींतून न गाळताच पळतंय."

लिव्हिओने झाकण उघडून आत हात घातला. हाताला लागले ते थंड पोलेंटासारखे, मक्याच्या घट्ट लापशीसारखे चिकट, तेलकट गोळे. मध्ये मूठ जाईल एवढं भगदाड.

दुसऱ्या दिवशी मरियामातेचा सण, सगळी दुकानं बंद. सणानंतर लिव्हिओने नवी वाळू मागितली तेव्हा दुकानदार म्हणाला, "ऑगस्टात सगळ्यांनाच जाग येते, लिव्हिओ. वाळूची गाडी आता सोमवारी." पाहुणे शनिवारी जाणार होते. बेर्तोच्या तलावाला नुसती उभी शिडी, अलोइसना उतरता न येणारी. समुद्रात दगड आणि तळव्यात काटे मोडणारे सागरी साळू. लिव्हिओने गोळे टबात काढले, हातांनी फोडले, साबणाच्या पाण्यात चोळून भरपूर खळबळले आणि परत भरले. बोटांची सालं निघाली. पाणी एक दिवस जरा निवळलं, मग पुन्हा पांढुरकं झालं.

अलोइस रोज सकाळी खुर्चीत बसून पाण्याकडे बघत. तक्रार एका शब्दाची नाही. ते जरा ओरडले असते तर बरं झालं असतं, असं लिव्हिओला वाटे.

शुक्रवारी ते पोहण्याची चड्डी घालून आले. कठडा धरून पहिली पायरी उतरले. दुसरी उतरले. तिसरी दिसत नव्हती.

"अलोइस, पुरे," ट्राउड्ल म्हणाल्या.

लिव्हिओ कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि त्यांच्यासमोर उभा राहिला. "माझ्या खांद्यांवर हात ठेवा. मी आहे ना. सरळ खाली टाका पाऊल."

अलोइसनी हात ठेवले. पाऊल पुढे आलं, पांढऱ्या पाण्यात नाहीसं झालं आणि तिथेच लटकलं. त्यांची बोटं लिव्हिओच्या खांद्यांत रुतली.

"आहे का पायरी?"

"आहे. वीतभर खाली. टाका."

"मला माहीत आहे, ती आहे," ते म्हणाले. "पायाला माहीत नाही."

त्यांनी पाऊल मागे घेतलं. ट्राउड्लनी त्यांना खुर्चीवर बसवलं, गुडघ्यांवर टॉवेल टाकला.

"पुढच्या वर्षी बघू, लिव्हिओ," अलोइस म्हणाले, आणि ट्राउड्लनी मान दुसरीकडे वळवली.

"हो, पुढच्या वर्षी," लिव्हिओ म्हणाला. तो कमरेइतक्या पाण्यात उभा होता, हात अजून पुढे धरलेले. ते खाली कधी घ्यावेत, हे त्याला कळेना.