रसायनशास्त्रातली आत्या

आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम वर्गात आल्या की आधी विचारायच्या, "कालची सिरियल कोणी कोणी पाहिली?" हात वर गेले की मगच खडू उचलायच्या. अकोटच्या आमच्या कॉलेजात त्या 'सिरियलवाल्या मॅडम' होत्या. त्यांच्या तासाला दुसऱ्या तुकडीतली मुलंही मागच्या बाकांवर येऊन बसत.

निष्क्रिय वायू म्हणजे मोठ्या बंगल्यातली माणसं, "त्यायले कोणाची गरजच नाई." उत्प्रेरक शिकवताना तर त्या पदर खोचून सिरियलमधली आत्याच झाल्या. "आत्या दोघायचं भांडण झटक्यात लावून देते. अन् सोता? जशीच्या तशी." सगळा वर्ग हसून लोळला.

माझ्या शेजारी बसायची वैशाली. अंजनगाव सुर्जीजवळ तिच्या बाबांचा पानमळा होता. रसायनशास्त्राच्या धास्तीने ती कॉलेज सोडायला निघाली होती, ती मॅडममुळे थांबली.

बारावीचा पेपर सुटला तेव्हा मॅडम फाटकाशी उभ्या होत्या. वैशाली धावतच गेली. "मॅडम, उत्प्रेरक आला होता. मी आत्याची पूर्ण गोष्ट लिहिली. बाकीचंबी तसंच."

"अन् पुस्तकातली व्याख्या?"

"ते कायले? गोष्टीत सारंच आलं ना."

मॅडमनी नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

वैशाली त्या एकाच विषयात नापास झाली. बाबांनी स्थळं पाहायला सुरुवात केली. हे कळताच मॅडम मला घेऊन वैशालीच्या घरी गेल्या आणि बाबांना म्हणाल्या, "पोरगी नापास नाई झाली भाऊ, मी झाली. मले फेरपरीक्षेपर्यंत वेळ द्या."

मग दर रविवारी त्या एसटीने तिच्या घरी जात आणि व्याख्या घोकून घेत. वैशाली पास झाली. मात्र मॅडमनी सिरियल कायमची बंद केली. पुढच्या वर्षी माझा धाकटा भाऊ त्यांच्या वर्गात होता. मुलांनी आत्याचा हट्ट धरला की त्या म्हणत, "पेपर तपासणारा आपल्या घरचा नसते." हळूहळू मागचे बाक रिकामे झाले.

गेल्या वर्षी मॅडम निवृत्त होऊन अकोल्याला लेकाकडे राहायला गेल्या. वैशाली आता अमरावतीला रसायनशास्त्रच शिकवते. आम्ही दोघी मिळून त्यांना भेटायला गेलो.

"मॅडम, तुमची आत्या माह्या वर्गात अजून येते," वैशाली म्हणाली. "आधी गोष्ट सांगते, मंग तेच पुस्तकाच्या भाषेत लिहून घेते. पोरं दोन्ही ध्यानात ठेवतात."

आम्हाला वाटलं, त्यांच्या मनावरचं ओझं उतरेल. त्या हसल्याही. मग हातातली पोह्यांची बशी त्यांनी खाली ठेवली.

"इतकं सोपं होतं? मले तवा काहून नाई सुचलं?" त्या म्हणाल्या, "तुयं तर निभावलं वैशाली. पण तुया मांगून आलेल्या साऱ्या पोरायले मी कोरडंच शिकवलं."