वाटून घेतलेलं औषध

बांग सॉकजूचा धंदा लोकांच्या कपाळावर केस लावण्याचा. देगू शहरात, विद्यापीठामागच्या गल्लीत त्याचा फोटो स्टुडिओ होता. नोकरीच्या अर्जाला फोटो लागतो, आणि अर्ज कितीही भारी असला तरी साहेब आधी फोटोच बघतात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून पोरं येत, कोट चढवून स्टुलावर बसत आणि फोटो झाल्यावर हळूच म्हणत, "काका, इथे जरा भरून द्याल?" सॉकजू माऊस फिरवी आणि मागे सरकलेले केस दोन बोटं पुढे आणून ठेवी. काम इतकं बेमालूम, की जन्मदात्या आईनेही फसावं. स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात त्याने स्वतःलाही असेच केस बहाल केले होते. तो अल्बम बघून बायकोची मावशी म्हणाली होती, "फोटो छान आलेत गं, पण आपले जावई कुठे दिसत नाहीत?"

अडतिसाव्या वर्षी त्याचं कपाळ थेट टाळूच्या पलीकडे पोचलं होतं. कानांमागे तेवढी झालर शिल्लक. एकदा त्याने केसांचा टोप घेऊन पाहिला, पण देगूचा उन्हाळा टोपवाल्याची गय करत नाही. जुलैत, गिऱ्हाइकासमोरच, तो घामाने भुवयांवर उतरला. त्या दिवसापासून सॉकजूने टोप कपाटात टाकला आणि हसण्यावारी न्यायला शिकला. बापही असाच होता, आजाही असाच होता. रक्तातच आहे म्हटल्यावर रडून काय होणार?

पण मागच्या शरदात भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला तो गेला. सभागृहातल्या वाढपिणीने त्याला मोठ्या अदबीने हाताला धरलं आणि म्हाताऱ्यांच्या टेबलाशी नेऊन बसवलं. "आजोबा, इकडे बसा, तिकडे गाण्यांचा फार आवाज आहे." सगळे पोट धरधरून हसले. तोही हसला. घरी आल्यावर मात्र बायकोला म्हणाला, "आपल्याला मूल झालं ना, तर शाळेत मला त्याचा आजोबा समजतील."

"आधी होऊ तर दे," सोदाम म्हणाली.

सोदाम त्याच्याहून वर्षाने मोठी. पालिकेच्या ग्रंथालयात कामाला. वाचायची इतकी सवय, की शेवयांच्या पाकिटाची मागची बाजूही वाचल्याशिवाय ती पाणी उकळायला ठेवायची नाही. मूल तिला दोन वर्षांपासून हवं होतं. सॉकजू मात्र आज-उद्या करत राहिला. आधी दुकान, मग घर, आणि आता केस.

नोव्हेंबरात एका इस्पितळात केसांच्या नव्या औषधाची चाचणी सुरू झाली तेव्हा सॉकजूने पहिल्याच दिवशी नाव घातलं. वर्षभर रोज एक गोळी. काहींना खरं औषध, काहींना हुबेहूब तशीच पिठाची गोळी. कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरलाही माहीत नाही. टाळूवर मोहरीएवढा ठिपका गोंदून घेतला, त्याच्या भोवतीचे केस दर महिन्याला मोजायचे. संमतीचा कागद वीस पानी. सॉकजूने शेवटच्या पानावर सही केली. पहिली एकोणीस पानं सोदामने वाचली.

"पान अकरा," ती म्हणाली. "औषध चालू असेपर्यंत आणि नंतर तीन महिने मूल होऊ द्यायचं नाही. बाळावर काय परिणाम होईल ते अजून कुणाला कळलेलं नाही."

"एकच वर्ष गं."

"तुझं एक वर्ष आणि माझं एक वर्ष सारखं नसतं, सॉकजू." तरी तिने हो म्हटलं. त्या वाढदिवसाच्या रात्री तिने त्याचा चेहरा पाहिला होता.

त्यांच्याकडे म्हणतात, फुकटचं आवडणाऱ्याला टक्कल पडतं. इस्पितळाच्या बाकावर बसलेली मंडळी हीच म्हण एकमेकांना ऐकवत. "आपल्याला आधीच पडलंय, आता खा बिनधास्त फुकटचं!" असं म्हणून हसवणारा होता तक ग्यूहो. एक्केचाळीस वर्षांचा, घरांची दलाली करणारा, बायकोने सोडलेला आणि दुसरीच्या शोधात असलेला. तीन वर्षांनी मोठा, म्हणून सॉकजू पहिल्या दिवसापासून त्याला दादा म्हणू लागला. गोळ्या घ्यायला दर आठवड्याला जायचं, आणि दोघांचा गुरुवार एकच. तपासणी झाली की समोरच्या खानावळीत कोळशावर भाजलेली आतडी आणि सोजू दारूची बाटली. पैसे नेहमी दादाचे.

फेब्रुवारीत ग्यूहोच्या डोक्यावर लव दिसायला लागली. महिन्याभरात तिचे केस झाले. बाकावरचे लोक उठून उठून त्याच्या टाळूवरून हात फिरवून जात. सॉकजूच्या ठिपक्याभोवती मात्र होते तेवढेच, उलट दोन कमी.

मार्चमधल्या एका गुरुवारी ग्यूहोने सोजू ओतला आणि आपली गोळ्यांची बाटली टेबलावर ठेवली. "तुझ्या वाट्याला पीठ आलंय रे, आणि माझ्या डोक्यावर पीक येतंय. हे मला गिळवत नाही. निम्म्या तू घे, तुझ्या निम्म्या मला दे. एक दिवस ह्याची, एक दिवस त्याची."

"नको दादा. कळलं तर दोघांनाही हाकलतील."

"कळणार कसं? उरलेल्या गोळ्या मोजतात, त्या बरोबर भरतील. एक तीळ सात जणांत वाटून खावा म्हणतात, आपण तर दोघंच. आणि काय रे, मोठ्याने दिलेलं धाकटा नाही म्हणतो होय?"

नाही म्हणत नाही. ग्यूहोने मूठ पुढे केली आणि सॉकजूचे दोन्ही हात आपसूक पुढे आले, मोठ्याच्या हातून काही घेताना लहानपणापासून येतात तसे. गोळ्या ओंजळीत पडल्यावर त्याला पान अकरा आठवलं. पण तेव्हा ते आठवून काही बिघडत नव्हतं. घरी काळजी घेतली जातच होती.

बिघडलं ते एप्रिलच्या अखेरीस.

"सहा महिने झाले," सोदाम म्हणाली. जेवण झालं होतं, ती ताटं आवरत होती. "एक केस आलाय? तुला पिठाच्या गोळ्या मिळाल्यात. तुला कळतंय, मला कळतंय, तुझ्या बाकावरच्या सगळ्या टकल्यांना कळतंय. मग मी कशासाठी थांबू? पिठासाठी?"

"कागदात लिहिलंय ना..."

"कागद मी वाचलाय, तू नाही. जानेवारीत मला चाळीस लागतील. तुझे केस दहा वर्षांनी आले तरी चालतील. माझं तसं नाही." आणि मग हातातली ताटं खाली ठेवून ती रडली. सोदाम सहसा रडत नसे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. गोळ्यांची अदलाबदल करतोय, थोडं थांब, एवढे दोन शब्द. पण सांगावं तर ती सरळ इस्पितळात फोन करणार, ग्यूहोचं नाव निघणार, आणि ज्याने आपल्या तोंडचा घास दिला त्याच्याच पोटावर पाय यायचा. शिवाय सॉकजूला स्वतःची लाज वाटत होती, हेही खरंच. बायको मुलासाठी रडतेय आणि हा चोरून केसांच्या गोळ्या खातोय. त्याने तिला जवळ घेतलं आणि होकारार्थी मान हलवली. हे मान हलवणं त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात भेकड काम होतं, आणि ते त्याला त्याच क्षणी कळत होतं.

उद्यापासून दादाच्या गोळ्या बंद, असं त्याने ठरवलं. पण पुढच्या गुरुवारी मूठ पुढे आली आणि हातही पुढे आले. एवढ्या संपवू आणि थांबू, त्याने स्वतःला समजावलं. तसंही आज बंद केलं तरी ते तीन महिने अंगात राहणारच, मग आठवड्याने काय फरक पडतो? माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की वकिलालाही हार जात नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात सासूचा सकाळीच फोन आला. तिला स्वप्न पडलं होतं, तळ्यातून भला मोठा मासा उसळून तिच्या ओटीत पडला. "हे पोटुशीचं स्वप्न आहे, बघून घे," ती लेकीला म्हणाली. सोदामने बघून घेतलं. खरंच होतं.

सॉकजूला आनंद झाला. खोटं कशाला सांगा, पहिला मिनिटभर निखळ आनंदच झाला, त्याने तिला उचलून गरकन फिरवलं. मग तिला खाली ठेवता ठेवता त्याला पान अकरा आठवलं. दादाच्या उरलेल्या गोळ्या त्याने त्याच दिवशी संडासात टाकल्या.

आणि आठच दिवसांनी केस आले.

दुकानात गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या आरशात त्याला ते दिसले. कपाळाच्या वर, दोन्ही बाजूंना, काळी बारीक लव. त्याने बोट फिरवलं. खरे होते. अठरा वर्षं हा माणूस ह्या दिवसाची वाट बघत होता, आणि तो दिवस आला तेव्हा तो स्टुडिओच्या फरशीवर मटकन बसला. म्हणजे औषध लागू पडलं होतं. म्हणजे ते रक्तात होतं, मे महिन्यातही होतं. त्याने शटर अर्धं खाली ओढलं, खणातला चिमटा काढला आणि एकेक केस उपटायला घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं, दुखल्याचं का कशाचं ते त्यालाही सांगता आलं नसतं. रोज सकाळी दुकान उघडल्यावर हेच काम. दिवसभर लोकांना केस लावायचे आणि त्याआधी आपले उपटायचे.

"कपाळ लाल का दिसतंय?" सोदामने विचारलं.

"ऊन लागलं."

पुढच्या बुधवारी ती म्हणाली, "उद्या मी पण येते इस्पितळात. पान अकरावर खाली लिहिलंय, दिवस गेले तर लगेच कळवायचं."

"कशाला? पिठाच्या आहेत, तूच म्हणालीस ना?"

"म्हणाले. तेव्हा नुसतं म्हणाले. आता माझ्या पोटात जीव आहे, मला डॉक्टरच्या तोंडून ऐकायचंय."

सॉकजूने गल्लीत जाऊन ग्यूहोला फोन लावला. ग्यूहोने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाळाला काही होत नाही रे, तू उगाच घाबरतोस. आणि ऐक, तोंड बंद ठेव. एक बाई भेटलीय मला. परवा तिने माझ्या केसांतून हात फिरवला. अकरा वर्षांत कुणी फिरवला नव्हता. एवढं कर दादासाठी." त्याला नाही म्हणायची सॉकजूला अजूनही सवय नव्हती. तो नुसता 'हं' म्हणाला.

गुरुवारी डॉ. मिन यांनी सोदामचं सगळं ऐकून घेतलं. मध्यम वयाच्या, हळू बोलणाऱ्या बाई होत्या. अशा वेळी कुणाला काय दिलंय ते उघडायची मुभा असते, असं म्हणून त्यांनी दोन ठिकाणी फोन केले, संगणकावर काहीतरी भरलं आणि वाट बघितली. सोदामने सॉकजूचा हात घट्ट धरला होता. मग डॉ. मिन पहिल्यांदा हसल्या.

"अभिनंदन. तुमच्या यजमानांना औषध मिळालेलंच नाही. सुरुवातीपासून साधी गोळी. बाळाची काही काळजी करू नका."

सोदाम एकदम ढसाढसा रडली आणि रडता रडता हसली. त्याच्या खांद्यावर चापट मारून म्हणाली, "बघ, मी म्हणत नव्हते! पीठ! नुसतं पीठ!" आणि तिथेच आईला फोन लावला.

डॉ. मिन फाईल मिटत होत्या. सॉकजूला वाटलं, आता मिटू द्यावी. हिला किती हलकं वाटतंय. ही सात महिने अशीच हसत राहील, आणि कदाचित काहीच होणारही नाही. कोण विचारणार आहे? पण पुढे काही झालंच, तर डॉक्टर भलतीकडेच शोधत बसतील, आणि कुठे शोधायचं ते फक्त आपल्याला माहीत असेल. तेव्हा आपण काय करणार, तेव्हाही मान हलवणार?

"डॉक्टर, मी ग्यूहोदादांच्या गोळ्या खाल्ल्यात. आम्ही वाटून घेत होतो. मार्चपासून."

ग्यूहोला काय मिळत होतं हे कुणाला उघडून बघायची गरजच नव्हती. ते डोकं अख्ख्या मजल्याने पाहिलं होतं. डॉ. मिन यांचा हात फाईलवर तसाच राहिला. फोनमधून सासूचा आवाज येतच होता, बाळाला आजोळी कधी आणायचं, मासा दिसला म्हणजे मुलगाच असणार.

"आई, नंतर करते," सोदाम म्हणाली आणि फोन पर्समध्ये ठेवला. तिने सॉकजूकडे पाहिलं नाही. "किती गोळ्या?" तिने समोर बघतच विचारलं.

"चाळीस. चाळीसच्या आसपास."

"एप्रिलमध्ये मी ताटं आवरत होते, तेव्हा?"

"तेव्हाही."

तिने मान हलवली आणि खुर्ची डॉक्टरच्या टेबलाशी सरकवली. "बाळाला काय होईल?"

डॉ. मिन यांनी फाईल बाजूला सारली. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. कदाचित काहीच होणार नाही. पण माहीत नाही. ते कुणालाच माहीत नाही, म्हणून तर ही चाचणी चालू आहे." त्यांनी खणातून एक नवा कागद काढला. दर महिन्याला तपासणी, आणि जन्मानंतर वर्षभर बाळाचीही. सोदामने तो पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. सॉकजू पुढे वाकला तेव्हा ती डॉक्टरना म्हणाली, "ह्यांना जरा बाहेर बसायला सांगता का?"

एवढ्या वर्षांत तिने त्याला कधी 'ह्यांना' म्हटलं नव्हतं. तो उठला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. दार पुरतं लागलं नव्हतं. आत डॉ. मिन एकेक रकाना विचारत होत्या आणि सोदाम सावकाश उत्तरं देत होती.

"बाळाच्या वडिलांचं नाव?"

"बांग सॉकजू," ती म्हणाली, आणि डॉक्टरना नीट लिहिता यावं म्हणून पुन्हा एकदा, स्पष्ट म्हणाली.