मोठीमायची येळवस

मला त्या दिवशी जेवायला नेलं ते मोठीमायनं. तिचं नाव आधी सांगून ठेवते, काय झालं ते मागून.

मोठीमाय कुणाच्या दाराशी जाऊन हाक मारत नसे. तिला तशी गरजच पडायची नाही. सगळा जन्म मेंढरांमागं गेला, त्यामुळं आवाज असा कमावलेला की ती आपल्या मेंढरांच्या वाड्यापाशी उभी राहून बोलली, की वेशीजवळचा माणूस वळून बघायचा. गावात म्हणायचे, मोठीमाय हाय तवर दवंडीवाल्याला काम न्हाई. तिला त्याचा राग यायचा नाही. "हळू बोललं की मेंढरू ऐकत न्हाई अन् माणूस बी," असं ती म्हणायची.

आम्ही त्या गावचे नव्हतो. माझं गाव जालन्याच्या पलीकडं. त्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि आमची वस्ती जाळली गेली. माणसं वाचली, घर गेलं. माझ्या मालकांना गंगाखेडच्या अलीकडं रेल्वेच्या रुळावर रोजंदारी मिळाली, म्हणून आम्ही मोठीमायच्या वाड्यासमोर एक खोली घेतली. मी पाचवीतून शाळा सोडलेली, नवं लग्न, आणि जिवात धाकधूक. आम्ही कोण ते कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी आडनाव विचारलं की मला खोकला यायचा.

मोठीमायलाही ते साल वाईटच गेलं होतं. खुरकुतीनं तिची निम्मी मेंढरं मेली. मी पहिल्यांदा तिच्याकडं विस्तव मागायला गेले तेव्हा ती उरलेल्या मेंढ्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. मी काहीतरी दुःखाचं बोलले. ती म्हणाली, "गेल्याचं बोलून काय करू? राह्यल्याचं बोल. हे कुत्रं बघ, राह्यलंय. राखण करीत न्हाई, पण खायाला वाघ हाय." मग स्वतःच हसली. विस्तवाबरोबर मला तांब्याभर दूधही दिलं.

मार्गशीर्षातली अमावस्या आली. मालक पहाटेच कामावर गेले. मी घागर घेऊन निघाले तर आडावर कुणी नाही. गल्लीत एकेका दाराला कुलूप. एकाही घरातून धूर नाही. मोठीमायचा वाडा रिकामा, ते खादाड कुत्रंसुद्धा नाही. अशी मोकळी गल्ली मी एकदाच पाहिली होती, ती आमची, पावसाळ्यातली. मला वाटलं, इथंही काहीतरी झालं आणि सगळे पळाले. मी आत आले, कडी लावली, दोन लुगडी आणि भांडी गाठोड्यात बांधली आणि मालक येईपर्यंत हलायचं नाही असं ठरवून कोपऱ्यात बसले. ते आले की हे गाव सोडायचं, हेही ठरवलं.

खरं म्हणजे त्या दिवशी येळवस होती. त्या भागात येळवसेला सगळं गाव शेतात जेवायला जातं, ज्याला शेत नाही त्याला शेजारी नेतो. आमच्याकडं ही रीत नाही. मला कुणी सांगितलं नाही, कारण हे कुणाला ठाऊक नसेल असं कुणाच्या मनातच आलं नाही.

दुपार कलली तशी मोठीमायची हाक ऐकू आली, लांबून, शेताच्या वाटेनं. मी ओ दिली नाही. पुन्हा हाक आली. मग पावलं जवळ आली, आणि ती माझ्या दाराशी येऊन उंबऱ्याला टेकून बसली. बोलली ते इतकं हळू, की मला कान दाराला लावावा लागला.

"दार नगंस उघडू, पोरी. नुसतं ऐक. आज येळवस हाय. समदं गाव शेतात जेवायलंय. कुटं काय झालं न्हाई."

मी आतून म्हणाले, "मोठीमाय, आमी कोण हाव ते तुमाला ठाव न्हाई."

"आलीस त्याच दिशी ठाव झालं," ती म्हणाली. "आडनावाला खोकला येणारी माणसं औंदा लय झालीत. चल आता, पोरं भज्जी संपवायलीत."

मी कडी काढली.

तिचं शेत म्हणजे तुकडाच, त्यात गुडघ्याएवढी ज्वारी. कडब्याची खोप, आत पूजेला मांडलेले चुन्यानं रंगवलेले पाच दगड, पालेभाज्या-शेंगांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि मडक्यात गार आंबील. ज्या तांब्यानं ती प्याली, त्याच तांब्यानं तिनं मला आंबील दिली. शेजारच्या मोठ्या शेतातल्या बाईनं ते पाहिलं आणि आपलं ताट उचलून पाठ फिरवून बसली. मोठीमाय म्हणाली, "तिकडनं ऊन लागायलं असंल तिला." मग ती उठली आणि त्या खुरटलेल्या ज्वारीभोवती आंबील शिंपडत फिरली, तिच्याशी बोलत, जणू कणसांनी भरलेलं पीक असावं. मी किती महिन्यांनी पोटभर जेवले. हसलेसुद्धा.

त्या बाईच्या रानात मोठीमायची मेंढरं रात्री बसायची, खतासाठी. त्याबदली मोठीमायला धान्य मिळायचं. त्या साली त्या बाईच्या घरच्यांनी दुसऱ्याची मेंढरं बसवली. मला हे मालकांकडून कळलं. मोठीमायनं तोंडातून अक्षर काढलं नाही. मी विषय काढला तर म्हणाली, "लांबचं रान चांगलं असतं, पाय मोकळं व्हत्यात." त्या हिवाळ्यात ती कोसभर लांबच्या शिवारात मेंढरं नेत होती.

आम्ही ते गाव सोडलं नाही. सहा वर्षं राहिलो. पुढं मालकांना भोसरीत कारखान्यात काम लागलं म्हणून इकडं आलो. यंदा विद्यापीठाला नाव मिळालं, त्या दिवशी आमच्या चाळीत पेढे वाटले, आणि मला पहिल्यांदा तीच आठवली. तिकडून आलेल्या एकानं सांगितलं, मोठीमाय हाय, पण डोळ्यांनी अधू झालीय, मेंढरं विकून टाकलीत.

मी अजून भित्रीच आहे, एकटीनं लांबचा प्रवास कधी केला नाही. पण येत्या येळवसेला जाईन. परभणीच्या बाजारात एक गाभण मेंढी घेईन आणि तिचा दोर मोठीमायच्या हातात देईन. ती नको म्हणेल, शिव्याही घालेल. तरी देईन.